‘एलिट स्क्वॉड’ : काळ्या शिपायाच्या हातातली बंदूक

चित्रपटाच्या शेवटी एक माणूस जमिनीवर पडलेला आहे. त्याचे नाव बायानो. रिओ द जानेरो शहरातील एका डोंगरवस्तीत तो अमली पदार्थांचा धंदा चालवीत असे. आता तो पकडला गेला आहे, जखमी आहे, आणि एवढीच विनवणी करतो आहे की, गोळी तोंडावर मारू नका. प्रेत लोकांपुढे ठेवायचे आहे, चेहरा तेवढा राहू द्या. समोर पोलीस दलाचा गोरा कॅप्टन नासिमेंतो उभा आहे. तो स्वतः गोळी झाडीत नाही. तो बंदूक शेजारच्या तरुण शिपायाच्या हाती देतो. हा तरुण मातियास. काळा, गरीब घरातला, कायद्याचे शिक्षण घेणारा. मातियास नेम धरतो, बंदुकीचे तोंड थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे, वळते, आवाज होतो आणि पडदा पांढरा पडतो.

जोसे पादिल्या या ब्राझिलियन दिग्दर्शकाचा ‘एलिट स्क्वॉड’ हा चित्रपट 2007 साली आला. त्याच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. हा चित्रपट फॅसिस्ट आहे की फॅसिझमवर टीका करणारा आहे, ह्यावर तेथील आणि युरोपातील समीक्षकांनी रणे माजविली. 2008 साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळाले. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते कोस्ता-गावरास. ज्याने ‘झेड’मध्ये पोलिसी राजवटीचे वाभाडे काढले आणि ‘स्टेट ऑफ सीज’मध्ये लॅटिन अमेरिकेतील पोलिसांना छळाचे शास्त्र शिकविणारा अमेरिकन सल्लागार उभा केला, त्याच माणसाच्या हातून ह्या चित्रपटाचा गौरव व्हावा, ह्याने वाद आणखी वाढला. परंतु ह्या साऱ्या वादात एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शेवटची बंदूक मातियासच्याच हातात का? गोऱ्या कॅप्टनला स्वतः चाप ओढता येत नव्हता काय? आपल्या दृष्टीने ह्या चित्रपटाचे मर्म ह्याच प्रश्नात आहे. त्या मर्माचा संबंध केवळ ब्राझीलशी नाही.

आधी चित्रपटाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. पोलिसांतील भ्रष्टाचार दाखविणारे चित्रपट जगात कमी नाहीत. त्यांतले बहुतेक एक लाचखाऊ अधिकारी आणि एक सज्जन अधिकारी समोरासमोर उभे करतात आणि शेवटी सज्जनाचा विजय दाखवून प्रेक्षकाला घरी पाठवितात. ‘एलिट स्क्वॉड’ तसे करीत नाही. भ्रष्टाचार हा एखाद्या माणसाच्या चारित्र्याचा दोष नसून ती एक चालती गिरणी आहे, हे तो बारकाईने दाखवितो. नेतो हा तरुण अधिकारी पोलिसांच्या गाड्यांच्या दुरुस्तीखात्यात नेमला जातो. तेथे गाड्या दुरुस्त होत नाहीत, कारण चांगल्या गाडीचे इंजिन कोणीतरी केव्हाच विकलेले असते. शिपायाला हक्काची रजा हवी तर वरच्याला पैसे मोजावे लागतात. एका ठाण्याच्या हद्दीत प्रेत सापडले की आकडेवारी वाढू नये म्हणून ते रात्री उचलून दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत टाकले जाते. तेथले पोलीस ते पुन्हा परत आणून टाकतात. जुगाराच्या अड्ड्यावरून ठरलेला हप्ता ठरलेल्या दिवशी निघतो आणि पायरीपायरीने वर चढतो. शेवटी नेतो आणि मातियास एक युक्ती करतात. वरिष्ठांकडे जाणारा हप्ता ते वाटेतच गाठतात आणि त्या पैशातून पोलिसांच्या गाड्या दुरुस्त करून घेतात! सरकारी काम लाचेच्या पैशाखेरीज होतच नाही, मग ते प्रामाणिक हेतूने का असेना, हे यंत्रणेचे व्यंग इतक्या नेमकेपणाने मांडणारा प्रसंग क्वचितच पाहायला मिळतो.

हे चित्रण खरे वाटते, कारण ते आतून आलेले आहे. चित्रपटाच्या लेखकांपैकी रोद्रिगो पिमेंतेल हा रिओच्या त्याच विशेष पोलीस दलात, म्हणजे ‘बोपे’त, कॅप्टन होता. 2006 साली त्याने आंद्रे बातिस्ता हा दुसरा पोलीस अधिकारी आणि लुइझ एदुआर्दो सोआरेस हा समाजशास्त्रज्ञ ह्यांच्याबरोबर ह्या दलावर एक पुस्तक लिहिले; त्याच्या आधाराने पटकथा उभी राहिली. ‘बोपे’चा आरंभ 1978 सालचा. त्याचे चिन्ह म्हणजे खंजीर खुपसलेली कवटी. ज्या राज्यसंस्थेचे पोलीस आपल्या बाहीवर मृत्यूचे चित्र मिरवितात, ती संस्था आपल्या गरीब नागरिकांकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्या दलाच्या चिलखती गाडीला वस्त्यांतील लोक ‘मोठी कवटी’ म्हणूनच ओळखतात.

येथपर्यंत ठीक आहे. परंतु रोग दाखवून झाल्यावर चित्रपट औषध कोणते देतो? सर्वसाधारण पोलीस सडलेला आहे, म्हणून ‘बोपे’ हवी. साधा पोलीस पैसे खातो, ‘बोपे’चा जवान पैसे खात नाही, तो फक्त मारतो. प्रशिक्षणाच्या छावणीत उमेदवारांना जमिनीवर टाकलेले अन्न खायला लावतात, शिव्या देतात, मारतात. भ्रष्ट अधिकारी ते सहन न होऊन पळून जातात. म्हणजे छळ हीच शुद्धीची प्रक्रिया ठरते. भ्रष्टाचार हा गंज आणि क्रौर्य हे तो घासून काढणारे वाळूचे कागद, अशी ही मांडणी आहे. प्रामाणिकपणाची व्याख्या येथे इतकी आखूड केलेली आहे की तीत फक्त पैशाचा हिशेब बसतो, माणसाच्या जिवाचा बसत नाही.

ही मांडणी मुळातच खोटी आहे. ती खोटी आहे हे सांगण्यासाठी बाहेरच्या कोणाची साक्ष काढण्याची गरज नाही. 1999 साली जोआंव मोरेइरा सालेस आणि कातिया लुंद ह्यांनी ‘एका खासगी युद्धाच्या बातम्या’ हा माहितीपट केला. त्यात हाच पिमेंतेल बोलतो. त्याच माहितीपटात रिओच्या नागरी पोलिसांचा त्या काळचा प्रमुख एलिओ लूझ कॅमेऱ्यापुढे स्पष्ट सांगतो की, ही पोलीस यंत्रणा उच्चभ्रूंच्या संरक्षणासाठी आणि गरिबांना आपल्या जागी दाबून ठेवण्यासाठीच उभारलेली आहे. म्हणजे यंत्रणा बिघडलेली नाही. ती ज्या कामासाठी केली ते काम करते आहे. इतिहास ह्याला पुष्टी देतो. पोर्तुगालचा राजदरबार 1808 साली रिओला पळून आला आणि 1809 साली तेथे राजेशाही पोलीस पथक स्थापन झाले. पळालेल्या गुलामांना धरून आणणे आणि त्यांच्या रानातल्या वस्त्या मोडणे हे त्याच्या कामांपैकी एक ठळक काम होते. गुलामगिरी कायद्याने संपली ती 13 मे 1888 रोजी. मुक्त झालेल्या माणसाला जमीन मिळाली नाही, घर मिळाले नाही, शाळा मिळाली नाही. तो डोंगरउतारावर पत्रे ठोकून राहिला आणि त्या वस्त्यांना पुढे फावेला म्हणू लागले. 1964 ते 1985 ह्या लष्करी राजवटीत पोलिसाने केलेल्या हत्येची नोंद ‘प्रतिकारामुळे आलेला मृत्यू’ अशी करण्याचा प्रघात पडला. राजवट गेली, प्रघात राहिला. आपल्याकडे ‘चकमक’ ह्या शब्दाने जे काम होते तेच काम तेथे ह्या शब्दांनी होते. हप्ता आणि गोळी ही दोन वेगळ्या पोलिसांची शस्त्रे नव्हेत. ज्या माणसाच्या जिवाला मोल नाही त्याच्याकडूनच हप्ता निर्धास्त घेता येतो, आणि ज्याच्याकडून हप्ता घेतला त्यालाच, सोयीचे होईल तेव्हा, मारता येते.

आता निवेदनाकडे वळू. कारण चित्रपटाचा खरा डाव तेथे आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण जे पाहतो ते कॅप्टन नासिमेंतोच्या आवाजात पाहतो. तो आवाज थकलेला आहे, विनोदी आहे, मोकळा आहे. वाग्नेर मोउरा ह्या नटाने ती भूमिका इतक्या ताकदीने केली आहे की प्रेक्षक हळूहळू त्याच्या बाजूला सरकतो. त्याची बायको गरोदर आहे, त्याला भीतीचे झटके येतात, त्याला नोकरीतून बाहेर पडायचे आहे, त्यासाठी आपल्या जागी कोणाला तरी तयार करायचे आहे. नेतोकडे धाडस आहे पण विचार नाही. मातियासकडे बुद्धी आहे पण अजून ‘काळीज’ नाही. दोघांपैकी एक निवडायचा आहे. ही कौटुंबिक काळजी आपल्याला इतकी जवळची वाटते की तो एखाद्या पोराच्या डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी आवळतो तेव्हा आपण त्या पोराच्या श्वासाकडे न पाहता कॅप्टनच्या घड्याळाकडे पाहू लागतो. मी स्वतः पहिल्यांदा चित्रपट पाहताना असाच वाहत गेलो, हे कबूल केले पाहिजे.

चित्रपटाच्या घडणीचा एक तपशील येथे महत्त्वाचा आहे. मूळ आराखड्यात ही कथा मातियासच्या नजरेतून सांगितली जाणार होती. चित्रीकरण झाल्यावर, संकलनाच्या वेळी, नासिमेंतोचे पात्र अधिक प्रभावी ठरते असे दिग्दर्शकाला आणि संकलकाला वाटले आणि निवेदन त्याच्याकडे देण्यात आले. कलेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यही असेल. चित्रपट त्यामुळे वेगवान आणि धारदार झाला. परंतु ह्या निर्णयाचा सामाजिक अर्थ काय? काळ्या तरुणाची कथा होती. ती त्याच्याकडून काढून घेऊन त्याच्या गोऱ्या वरिष्ठाच्या तोंडी घातली गेली. मातियासला पडद्यावर जागा राहिली, पण त्याचा आवाज गेला. दलित साहित्याने ज्या गोष्टीसाठी झगडा केला ती नेमकी हीच आहे. आमच्याविषयी लिहिले जात नव्हते असे नाही. करुणेने, कौशल्यानेही लिहिले जात होते. पण सांगणारा दुसरा होता. सांगणारा बदलला की घटना तीच राहून तिचा अर्थ बदलतो, हे आम्हाला कोणी शास्त्रात वाचून शिकवावे लागले नाही.

मातियास पोलीस असताना कायद्याचे शिक्षण घेतो. रिओच्या खासगी विद्यापीठात, सुखवस्तू मुलामुलींमध्ये, तो बहुधा एकटाच काळा आहे. आणि तो आपण पोलीस आहोत हे लपवितो. आंद्रे रामिरोच्या चेहऱ्यावरचे त्या वर्गातले अवघडलेपण पाहताना मराठी वाचकाला बाबूराव बागूल ह्यांच्या 1963 सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ह्या संग्रहाचे नाव आठवल्यावाचून राहणार नाही. त्या वर्गात एके दिवशी फुकोच्या ग्रंथावर चर्चा होते. दंडसत्ता, देखरेख, शिस्त असे शब्द उडू लागतात. जी मुले पोलीस दडपशाहीवर तावातावाने बोलतात तीच संध्याकाळी वस्तीतल्या दलालाकडून गांजा आणतात. मातियास उठून सांगतो की तुम्हाला पोलीस माहीत आहेत ते वर्तमानपत्रातून आणि दूरदर्शनवरून. पुढे एका वर्तमानपत्रातल्या छायाचित्राने त्याचे बिंग फुटते, आणि ज्यांनी त्याला मित्र म्हटले होते त्यांची नजर क्षणात बदलते.

हा भाग चित्रपटातला सर्वांत जिवंत भाग आहे. पांढरपेशा क्रांतिकारकाच्या दुटप्पीपणावर ओढलेला कोरडा आहे. वस्तीत स्वयंसेवी संस्था काढणारे, शांततेचे मोर्चे काढणारे आणि त्याच वेळी त्या धंद्याचे ग्राहक असणारे हे लोक आपल्याही ओळखीचे आहेत. एका चढाईत नासिमेंतो अशाच एका विद्यार्थ्याला प्रेताजवळ ओढतो आणि थोबाडीत मारीत सांगतो की ह्याला तूच मारलेस. चित्रपटगृहात ह्या थपडेला टाळ्या पडल्या असतील तर त्याचे नवल नाही. पण थांबून पाहिले पाहिजे. विद्यार्थ्याला थप्पड मिळाली, आणि मेला कोण? वस्तीतला पोरगा. पैसेवाल्याच्या गुन्ह्याची शिक्षा नैतिक, गरिबाच्या गुन्ह्याची शिक्षा देहान्त. चित्रपटातली ही विभागणी कायद्यानेही पाळली. 2006 सालच्या ब्राझीलच्या अमली पदार्थ कायद्याने सेवन करणारा आणि विकणारा ह्यांत भेद केला, सेवन करणाऱ्याची तुरुंगवासातून सुटका केली. पण कोणता माणूस कोणता, हे ठरविणारे प्रमाण मात्र लिहिले नाही. ते पोलिसांवर आणि न्यायाधीशावर सोडले. परिणाम उघड होता. तेवढाच माल समुद्रकिनाऱ्यावरच्या गोऱ्या मुलाच्या खिशात सापडला तर तो सेवन करणारा, डोंगरावरच्या काळ्या मुलाच्या खिशात सापडला तर तो विकणारा. गांजाच्या बाबतीत 40 ग्रॅमची मर्यादा तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिली ती 2024 साली. मधल्या 18 वर्षांत किती तरुण तुरुंगात गेले असतील ह्याचा विचार वाचकांनी करावा.

वस्तीतल्या माणसांना ह्या चित्रपटात काय स्थान आहे? तीन प्रसंग सांगतो. सुरुवातीला नासिमेंतो एका टेहळणी करणाऱ्या पोराला धरून त्याच्याकडून माहिती वदवून घेतो आणि सोडून देतो. सोडणे म्हणजेच मारणे, कारण ज्याने तोंड उघडले त्याला धंदेवाले जिवंत ठेवीत नाहीत. काही दिवसांनी त्या पोराची आई कॅप्टनकडे येते. ती न्याय मागत नाही, नुकसानभरपाई मागत नाही. ती मुलाचे प्रेत मागते, पुरायला. हा प्रसंग अंगावर काटा आणतो. पण चित्रपट आईबरोबर तिच्या घरी जात नाही. तो कॅप्टनच्या अपराधी भावनेबरोबर राहतो. आईचे दुःख कॅप्टनच्या स्वभावचित्रणाचे साहित्य होते आणि ती पडद्यावरून निघून जाते. दुसरा प्रसंग अधू दृष्टीच्या लहान मुलाचा. मातियास त्याच्यासाठी चष्मा करवून घेतो. ठरल्या वेळी मातियासला वकिलीच्या कचेरीत मुलाखतीला जायचे असते, म्हणून चष्मा द्यायला नेतो जातो आणि दबा धरून बसलेल्या टोळीच्या गोळ्यांना बळी पडतो. येथे चित्रपट एक धडा शिकवितो. शिक्षण, वकिली आणि एका पोराला दिसू लागावे ही साधी माणुसकी, ह्या तिन्हींचे फळ मृत्यू. मातियासच्या पुढचे बंदुकीखेरीजचे सगळे रस्ते अशा रीतीने एकेक करून बंद केले जातात. तिसरा प्रसंग बायानोच्या शोधाचा. ‘बोपे’ वस्तीत शिरते, दिसेल त्याला बडवते, एका किशोराला झाडूच्या दांड्याची अशी धमकी देते की लिहिण्याचीही लाज वाटावी. पोरगा पत्ता सांगतो. पत्ता खरा निघतो. छळ केला की सत्य बाहेर येते, हे पोलिसांचे जुने तत्त्वज्ञान कथानकाच्या रचनेनेच सिद्ध करून दिले जाते.

मग शेवट. आता बंदूक मातियासच्या हातात का, ह्याचे उत्तर देता येईल. गोऱ्या कॅप्टनने मारले असते तर ते वर्णवर्चस्व दिसले असते. काळ्याने मारले की ते कर्तव्य दिसते. व्यवस्थेला आपल्या क्रौर्याला साक्षीदार नको असतो, भागीदार हवा असतो. आणि तो शोषितांतलाच मिळाला तर तिचे काम दोन्ही बाजूंनी सोपे होते. मातियास ज्याच्या तोंडावर गोळी झाडतो तो त्याच्याच गल्लीतला, त्याच्याच रंगाच्या जवळचा माणूस आहे. बायानो म्हणजे बाइआ प्रांताचा माणूस, आणि बाइआ हा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा प्रांत. त्या चेहऱ्यात मातियासला आपला चेहरा दिसू नये म्हणून तो चेहराच नाहीसा करावा लागतो. त्या क्षणी मातियास नासिमेंतोचा वारस होतो, आणि वकील होऊ पाहणारा मातियास मरतो.

2010 साली पादिल्याने ह्या चित्रपटाचा दुसरा भाग काढला. पहिल्या भागाची चूक त्याला कळली होती असे म्हणण्यास जागा आहे. नासिमेंतो आता गृहखात्यात वर चढला आहे. त्याच्या योजनेप्रमाणे ‘बोपे’ धंदेवाल्यांना हुसकून लावते. आणि मोकळ्या झालेल्या वस्त्यांत पोलिसांच्याच सशस्त्र टोळ्या शिरतात. संरक्षणाचा हप्ता, स्वयंपाकाच्या गॅसवर हप्ता, निवडणुकीत मतांचा ठोक सौदा. ज्याला तो औषध समजत होता त्यानेच रोग वाढविला हे नासिमेंतोला कळते आणि तो विधिमंडळाच्या चौकशी समितीपुढे साक्ष देतो. ही समिती कल्पित नाही. रिओच्या विधिमंडळात मार्सेलो फ्रेशो ह्यांच्या अध्यक्षतेखाली 2008 साली अशी चौकशी खरोखर झाली. हा भाग पहिल्यापेक्षा राजकीयदृष्ट्या कितीतरी प्रौढ आहे आणि त्याने ब्राझीलमध्ये तिकीटविक्रीचा विक्रम केला. पण मातियासचे काय होते? तो मध्यावरच पाठीत गोळी लागून मरतो, मारणारे पोलीसच. ज्ञान गोऱ्या कॅप्टनला होते, त्याची किंमत काळा शिपाई मोजतो.

पडद्याबाहेरची गोष्ट ह्याहून भयंकर आहे. त्या चौकशीचे अध्यक्ष फ्रेशो ह्यांच्या कार्यालयात मारिएले फ्रांको ही काळी तरुणी अनेक वर्षे काम करीत होती. मारे ह्या फावेलांच्या समूहात ती वाढली, शिकली, वस्त्यांतील पोलीस योजनेवर तिने प्रबंध लिहिला, नगरसेविका झाली. 14 मार्च 2018 च्या रात्री तिला आणि तिच्या मोटारचालकाला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. ऑक्टोबर 2024 मध्ये ह्या खुनाबद्दल दोन माजी लष्करी पोलिसांना शिक्षा झाली. वस्तीतून आलेल्या, शिकलेल्या, बंदूक न घेता बोलणाऱ्या व्यक्तीचे काय होते ह्याचे हे उत्तर. ती मातियासचा दुसरा रस्ता होती.

आणि चढाया थांबल्या काय? चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, जून 2007 मध्ये, आलेमांव ह्या वस्तीसमूहात एका दिवसाच्या कारवाईत 19 माणसे मेली. मे 2021 मध्ये जाकारेझिन्यो येथे 28. 28 ऑक्टोबर 2025 रोजी पेन्या आणि आलेमांव येथे 120 हून अधिक, त्यांत चार पोलीस. दुसऱ्या दिवशी लोकांनी रानातून प्रेते काढून चौकात ओळीने मांडली. नंतरच्या जनमत चाचण्यांत शहरातील बहुसंख्यांनी ह्या कारवाईला पाठिंबा दिला. ब्राझीलचे पोलीस एका वर्षात, 2023 साली, सहा हजारांहून अधिक माणसे मारतात. ज्यांच्या वर्णाची नोंद आहे त्यांत दर शंभरांत ऐंशीहून अधिक काळे, तर लोकसंख्येत काळ्या आणि मिश्रवर्णीयांचे प्रमाण 2022 च्या जनगणनेनुसार शेकडा 55.5. आणि ह्या युद्धात जे पोलीस मरतात त्यांतही बहुसंख्य काळेच असतात. हे शेवटचे वाक्य विसरता कामा नये. कारण मातियासचे दुःख तेथे आहे.

ह्या चित्रपटाशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. 1966 साली अमेरिकेत ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष निघाला तो मुळात पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी. 1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा ते नाव उगीच उचलले गेले नव्हते. हा चित्रपट ज्या 1997 सालात घडतो, पोपच्या भेटीसाठी तुरानो ही वस्ती ‘साफ’ करण्याचे हुकूम सुटतात, त्याच 1997 सालच्या 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मेली. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणारी ती माणसे होती.

परंतु आमच्यापुढचा प्रश्न केवळ गोळी खाणाऱ्याचा नाही. आज कोणत्याही जिल्ह्याच्या गावी पहाटे मैदानावर जा. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांत आमच्या वस्तीतली पोरे दिसतील. गणवेशाने आम्हाला काही दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. लष्करातल्या नोकरीने महार समाजाच्या एका पिढीला अक्षरओळख आणि ताठ मान दिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. बंद झालेली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून झगडावे लागले आणि 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून ‘पोलिसात जाऊ नका’ असा सोपा उपदेश पोट भरलेल्यांनी करावा, आम्ही नाही. आम्ही विचारायचे ते एवढेच की, ज्या दिवशी वरिष्ठ आपल्या हातातली बंदूक तुझ्या हाती देईल आणि समोर तुझ्याच वस्तीतला माणूस पडलेला असेल, त्या दिवशी तू काय करशील? त्या दिवसाची तयारी मैदानावर होत नाही. ती संघटनेत, वाचनात आणि घरात होते.

आणि दुसरा प्रश्न आमच्यातल्या प्रेक्षकाला. 1983 साली गोविंद निहलानी ह्यांचा ‘अर्धसत्य’ आला, श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. शेवटी वेलणकर गुंड रामा शेट्टीचा गळा दाबतो ते साऱ्यांना आठवते. त्याआधी त्याच वेलणकरने कोठडीत एका भुरट्या चोराला मारून मारून ठार केले, ते किती जणांना आठवते? मोठ्या खलनायकाच्या मृत्यूने त्या किरकोळ माणसाचा मृत्यू झाकला जातो. टाळी वाजविणाऱ्या हाताला हे कळले पाहिजे की त्याच्या घरचा माणूस पोलिसी नोंदवहीत रामा शेट्टी म्हणून येण्याचा संभव फार थोडा आहे. तो आला तर त्या भुरट्या चोराच्याच रकान्यात येईल. भ्रष्टाचाराविरुद्धची चीड आणि न्यायाची मागणी ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बंदुकीने भागविता येते, दुसरी येत नाही.

मग ह्या चित्रपटाचे करायचे काय? तो पाहिलाच पाहिजे, वस्त्यांत, वसतिगृहांत दाखवून त्यावर भांडले पाहिजे. पण त्याच्या शेजारी दुसरे आवाज ठेवले पाहिजेत. साव पावलोच्या कानिंदे फावेलात कागद वेचून मुले वाढविणाऱ्या कारोलिना मारिया दि जेसुस ह्या काळ्या स्त्रीने वेचलेल्या वह्यांत रोजनिशी लिहिली. ती 1960 साली पुस्तकरूपाने आली. ‘ईश्वराचे नगर’ ह्या वस्तीतल्या एम. व्ही. बिल ह्या काळ्या गायकाने धंद्यात ओढल्या गेलेल्या पोरांवर माहितीपट केला तो 2006 सालचा. आणि कॅप्टन नासिमेंतोच्याच आडनावाचा एक माणूस, आब्दियास दो नासिमेंतो. त्याने 1944 साली काळ्यांची स्वतंत्र रंगभूमी उभारली आणि 1978 साली ब्राझीलमधल्या काळ्यांच्या स्थितीला वंशसंहार हे नाव दिले. एकाच आडनावाचे हे दोन नासिमेंतो. जगाला कॅप्टन माहीत झाला, आब्दियास झाला नाही.

मातियासची कथा अजून सांगितली गेलेली नाही. त्या वर्गात मान खाली घालून बसलेल्या, चष्म्याचा नंबर काढून आणणाऱ्या, आणि एका दुपारी हातात बंदूक आलेल्या काळ्या शिपायाने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली असती तर तिचा शेवट पांढऱ्या पडद्यावर झाला नसता. गोळी सुटल्यानंतर त्याला काय दिसले, तो रात्री घरी गेला तेव्हा आईला काय बोलला, तेथून ती सुरू झाली असती. आमच्यातही असे खाकीतले पुष्कळ आहेत, आणि त्यांनी अजून लिहिलेले नाही. त्यांनी लिहावे.